लायसनचा पसारा

जानेवारीत आमच्या बिल्डिंगमध्ये फायरवाला आला होता. जानेवारी आणि जुलैमध्ये सोसायटीला तो बी फॉर्म द्यावा लागतो ना, आग विझवायची सगळी यंत्रणा चालू आहे असं लायसनवाल्या एजन्सीकडून लिहून घ्यायचं असतं, त्यासाठी. मी खजिनदार, म्हणजे चेकवर सही माझी, म्हणून मीच त्याच्याबरोबर मजले फिरत होते. चौदाव्या मजल्यावर त्याने लाल पेटी उघडली, पाईप नीट गुंडाळलेला, पण तोंडाशी जे पितळी नोझल असतं ते नाही. तेराव्यावर होतं. बाराव्यावर नाही. असं करत करत खाली येईपर्यंत चौदापैकी सात गायब. आणि चोर तरी किती टापटीप, काच फोडलेली नाही, कडी लावलेली, पाईप परत गुंडाळून ठेवलेला, आमच्या घरात कोणी एवढ्या नीट वस्तू जागेवर ठेवत नाही. फायरवाला म्हणाला, "मॅडम, भंगारात किलोवर जातं हे." बरं वाटलं ऐकून.

आता संशय कोणावर जाणार, तर रात्रीच्या वॉचमनवर. आणि तो चार दिवसांपूर्वीच गावाला गेलेला. मी स्पष्ट सांगते, त्यानेच नेलं असं मी तेव्हाही म्हणत नव्हते आणि आताही म्हणत नाहीये, कारण तो माणूस आठवड्यातून तीन दिवस तरी दिवसाची बारा तास आणि वर रात्रीची बारा तास अशी डबल ड्युटी करायचा, त्या अवस्थेत चौदा मजले चढून नोझल काढायची ताकद कुणात राहील मला माहीत नाही. पण निदान विचारायला तरी तो सापडायला हवा की नको? सिक्युरिटी एजन्सीच्या मालकाला फोन केला, "त्याचं पूर्ण नाव, गावचा पत्ता, आधारची कॉपी पाठवा." तर पलीकडून, "मॅडम, नवीन आदमी भेज दिया ना." मी म्हटलं नवीन नको, जुना कोण होता ते सांगा. तर म्हणे बघून सांगतो. दोन वर्षं जो आमच्या गेटवर बसला, ज्याला आम्ही सगळे मामा म्हणायचो, ज्याच्याकडे लोक घराच्या चाव्या देऊन जायचे, त्याचा एक फोटोसुद्धा एजन्सीकडे नव्हता.

मग मी फाईल काढली. आमच्या आधीच्या सेक्रेटरी काकांनी सगळ्या कॉन्ट्रॅक्टची कागदपत्रं एका निळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलेली, लिफ्टचं, टाकी साफ करणाऱ्याचं, आणि त्यातच सिक्युरिटीचं. त्यात लायसनची झेरॉक्स. झेरॉक्सची झेरॉक्स म्हणा, आणि जिथे मुदत संपायची तारीख असते नेमका तिथेच एजन्सीचा जांभळा गोल शिक्का मारलेला. मी तो कागद खिडकीत उजेडावर धरला, मोबाईलच्या टॉर्चवर धरला, शेवटी भिंग घेऊन बसले. मुदत संपून चौदा महिने झाले होते. आणि त्याहून भारी गोष्ट, ते लायसन ठाणे जिल्ह्याचं होतं. आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, नाक्याच्या अलीकडे. गच्चीवर उभं राहिलं की ठाणे दिसतं हे खरं आहे, पण म्हणून आम्ही ठाणे जिल्ह्यात जात नाही, आम्ही मुंबई उपनगर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. खासगी सिक्युरिटी एजन्सीचा कायदा २००५ चा आहे, १४ मार्च २००६ पासून लागू. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या धंद्यातले सगळे त्याला 'पसारा' म्हणतात. "पसारा आहे का तुमच्याकडे?" असं एजन्सीवाले एकमेकांना विचारतात आणि मराठी माणसाला हसू येतं, कारण पसारा तर दिसतोच आहे. तर या पसाऱ्याखाली लायसनशिवाय एजन्सी चालवता येत नाही. कायद्यात फी लिहिली आहे ती अशी की एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,०००, पूर्ण राज्याला २५,०००, आणि लायसन पाच वर्षं चालतं. रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी द्यायचा. एजन्सीने रजिस्टर ठेवायचं ज्यात प्रत्येक गार्डचं नाव, पत्ता, फोटो, पगार पाहिजे. प्रत्येकाला फोटोचं ओळखपत्र पाहिजे. केंद्राच्या २००६ च्या मॉडेल रूल्समध्ये तर ट्रेनिंग १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, किमान २० कामाच्या दिवसांत. आमच्या मामाला मी कधीतरी सहज विचारलं होतं ट्रेनिंग झालं का, तर तो म्हणाला हो, झालं ना, आधीच्या वॉचमनने मोटर कशी चालू करायची ते दाखवलं.

मालकाला विचारलं लायसनचं काय. "रिन्यूअलला टाकलंय मॅडम, येईलच." हे वाक्य मुंबईत रिक्षावाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांकडे तयार असतं. पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा शिरला. टाकलंय तर मिळालं का नाही? नाकारलं असेल का? आधी कधी सस्पेंड झालं होतं का? म्हणजे या माणसाचा इतिहास काय आहे? आणि हे मला, म्हणजे जी बाई दर महिन्याला त्याला चेक देते तिला, कळायची सोय कुठे आहे?

कुठेच नाही. ज्यांना लायसन मिळालं त्यांच्या याद्या शोधल्या तर सापडतात, जुन्या का होईना. ज्यांना नाही मिळालं, ज्यांचं गेलं, त्यांचं काय?

मग आपला ब्रह्मास्त्र, माहिती अधिकार. महाराष्ट्रात जोडपत्र अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. मी विचारलं की मागच्या पाच वर्षांत किती खासगी सुरक्षा एजन्सींचे परवाने नाकारले, निलंबित केले, रद्द केले, त्यांची यादी आणि आदेशांच्या प्रती द्या. ज्या ऑफिसात टाकला ते नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांचा राग नाहीये माझा, आणि पुढे एकाने मदतच केली. अर्ज आधी इकडून तिकडे गेला, कलम ६(३) खाली पाच दिवसांत पाठवायचा असतो तो जरा निवांत गेला, आणि तिसाव्या दिवसाच्या बरंच नंतर उत्तर आलं. पूर्ण पानावर, जावक क्रमांक, विषय, संदर्भ, महोदया, आणि माझ्या प्रश्नासमोर एकच शब्द. निरंक.

निरंक! पाच वर्षांत एकही नापास नाही. अख्ख्या मुंबईत कुठल्या शाळेचा एवढा निकाल लागत नाही.

मध्ये एक गंमत सांगते, कारण हे प्रत्येक सोसायटीने करावं असं माझं मत आहे. पीएफच्या वेबसाईटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च म्हणून आहे, कोणीही बघू शकतं, लॉगिन लागत नाही. एजन्सीचं नाव टाकलं की कुठल्या महिन्यात किती कामगारांचा पीएफ भरला ते दिसतं. मी टाकलं. कामगार, अकरा. आता आमच्या एका बिल्डिंगमध्येच दिवस-रात्र मिळून पाच जण, आणि याच मालकाने कोटेशनच्या मागे 'आमचे मान्यवर ग्राहक' म्हणून तेवीस सोसायट्या छापलेल्या. तेवीस गेट आणि अकरा माणसं. म्हणून डबल ड्युटी, कळलं? पीएफ भरणारं खातं ही माहिती उघड ठेवतं म्हणून कुठे आभाळ कोसळलं? उलट मला दोन मिनिटांत जे कळलं ते लायसनच्या बाजूने कळायला सात महिने गेले.

दुसरा अर्ज मी नेमका केला. अमुक एजन्सी, तिचे आत्तापर्यंतचे सगळे अर्ज, त्यावरचा पत्रव्यवहार, टिपणीसह. यावर उत्तर आलं की ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे, कलम ८(१)(ञ), देता येत नाही. म्हणजे आधी सगळ्यांचं मागितलं तर निरंक आणि एकाचं मागितलं तर वैयक्तिक.

आता इथे थोडं थांबते कारण हे खरंच महत्त्वाचं आहे. एजन्सी म्हणजे कंपनी, तिला कसलं आलंय खासगी आयुष्य, असं आपल्याला वाटतं. पण या धंद्यात छोट्या छोट्या एजन्सी प्रोप्रायटरीत असतात, म्हणजे एका माणसाच्या नावावर. लायसनही त्याच्याच नावावर. मग एजन्सीची माहिती म्हणजे त्या माणसाची माहिती, आणि माणसाची माहिती म्हणजे वैयक्तिक, असा तो जिना आहे, खाली उतरत उतरत तुम्ही बंद दारापाशी येता. पूर्वी या कलमात निदान लिहिलेलं होतं की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही. २०२३ च्या डिजिटल डेटाच्या कायद्याने ते सगळं काढून कलम सरळ एका ओळीचं करून टाकलं, वैयक्तिक माहिती म्हणजे विषय संपला. आता हातात उरतं ते ८(२), की जनहित मोठं असेल तर सूट असली तरी माहिती देता येते. पण जनहित मोठं आहे हे पटवायचं कोणी, तर तुम्ही. सात नोझल हातात घेऊन. म्हणजे नोझल हातात नाहीयेत हाच तर मुद्दा.

अपील केलं. जोडपत्र ब, वीस रुपयांचा स्टॅम्प. सुनावणीला हाफ डे टाकून गेले. तिथे माझ्या आधी एक आजोबा होते, जमिनीच्या फेरफाराचं काहीतरी, त्यांची फाईल माझ्या सोसायटीच्या फाईलपेक्षा जाड, ते मला म्हणाले, "पोरी, भांडू नकोस, फक्त 'अवलोकन द्या' म्हण." म्हणजे प्रती मागू नकोस, फाईल बघायला माग. कायद्यात कलम २(ञ) मध्ये तो हक्क आहेच, पण लक्षात कोणाच्या असतो. मी तेच म्हटलं. आणि म्हटलं की मला मालकाचा पॅन नको, घरचा पत्ता नको, गार्डची नावं तर अजिबात नकोत, ती झाकून टाका, कलम १० आहेच त्यासाठी, मला फक्त सरकारने या एजन्सीच्या अर्जावर काय ठरवलं आणि का ठरवलं ते बघायचंय. अपिलीय अधिकारी बाई होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कशाला एवढं?" मी म्हटलं आमच्या गेटवर कोण बसतं ते मला माहीत नाही. त्या जरा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या पण सोसायटीत असंच आहे." आणि अवलोकनाचा आदेश दिला. एजन्सीला कलम ११ ची नोटीस गेली, म्हणजे तुमची माहिती कोणीतरी मागतंय, काय म्हणणं आहे सांगा, तर मालकाने उत्तरच दिलं नाही, बहुतेक रिन्यूअलला टाकलं असेल.

तर फाईल. पहिला तास फुकट असतो, मी पन्नास मिनिटांत उरकली. पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली, वर पेन्सिलने नंबर. एजन्सीने मुंबईसाठी अर्ज केला होता, तीन वर्षांपूर्वीच. सोबत अकरा गार्डची ट्रेनिंग सर्टिफिकेटं (परत अकराच), आणि अकराही सर्टिफिकेटांवर एकच तारीख, एकाच पेनाने सही, आणि त्यातल्या चौघांचा जन्मदिवस एक जून. हे शेवटचं तसं खरंही असू शकतं, आपल्याकडे शाळेत घालताना मास्तर अर्ध्या गावाला एक जूनच देतात, माझ्या वडिलांचाही तोच. पण बाकीचं त्या क्लार्कच्याही लक्षात आलं होतं हो! टिपणीत स्वच्छ अक्षरात लिहिलेलं की प्रशिक्षणाच्या नोंदी संशयास्पद वाटतात, खुलासा मागवावा. खुलासा मागवलेला. उत्तर नाही. स्मरणपत्र. उत्तर नाही. दुसरं स्मरणपत्र. आणि मग शेवटची ओळ, "अर्जदाराने त्रुटींची पूर्तता न केल्याने प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे."

दप्तरी दाखल. तिथे माझी ट्यूब पेटली. नाकारलं नाही, रद्द नाही, निलंबित नाही. नाकारायचं असेल तर कायदा म्हणतो अर्जदाराचं म्हणणं ऐका, कारणं लिहून आदेश काढा, मग तो त्यावर गृह सचिवांकडे अपील करणार, मग कोर्ट, एवढी उस्तवार कोण करणार. त्यापेक्षा अर्धवट अर्ज कपाटात. म्हणून निरंक. त्यांनी मला खोटं उत्तर दिलंच नव्हतं, मीच चुकीचा शब्द विचारला होता. सरकारी भाषेत कोणी नापास होतच नाही, तो फक्त दप्तरात जातो.

आणि टिपणीच्या कोपऱ्यात अजून एक ओळ, वेगळ्या शाईत. याच पत्त्यावरून दुसऱ्या नावाने अर्ज प्राप्त. आडनाव तेच, पहिलं नाव बाईचं. त्याचं पुढे काय झालं ते त्या फाईलमध्ये नव्हतं, ती दुसरी फाईल, म्हणजे दुसरा अर्ज, दुसरे दहा रुपये.

मला वाटतं खरी मेख इथे आहे. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये प्रत्येक खात्याने न मागता काय जाहीर करायचं त्याची यादी आहे, त्यात तेरावा मुद्दा आहे सवलती, परवाने, प्राधिकारपत्रं मिळालेल्यांचा तपशील. मिळालेल्यांचा. न मिळालेल्यांबद्दल अक्षर नाही. पसारा कायद्यात लायसन रद्द किंवा सस्पेंड केल्याच्या आदेशाची प्रत द्यायची ती कोणाला, तर ज्याच्यावर कारवाई झाली त्याला. ज्यांच्या गेटवर त्याची माणसं बसली आहेत त्यांना नाही. म्हणजे आजारी माणसाचा रिपोर्ट फक्त आजारी माणसाला, आणि तो साथीचा रोग असला तरी बिल्डिंगला सांगायचं नाही, असलं काहीतरी.

लोक म्हणतील सात नोझलसाठी एवढं काय. नोझलचं नाहीच आहे ते. २०१२ मध्ये वडाळ्याच्या एका बिल्डिंगमध्ये वॉचमननेच एका तरुण वकील मुलीचा तिच्या घरात शिरून खून केला होता, आठवतंय? तेव्हा महिनाभर सगळ्या सोसायट्यांमध्ये व्हेरिफिकेशनचे फॉर्म, झेरॉक्सच्या दुकानात रांगा. मग पुन्हा जैसे थे. आणि त्यातही आपण सगळे वॉचमनच्या मागे लागलो, एजन्सीच्या मागे नाही. गरीबाचं आधार कार्ड तपासणं सोपं असतं.

तिकडे ब्रिटनमध्ये नेमकं उलटं आहे म्हणे म्हणून वाचत बसले एक दिवस. त्यांच्या २००१ च्या कायद्याने लायसन गार्डला घ्यावं लागतं, आणि कोणीही वेबसाईटवर नाव किंवा नंबर टाकून ते चालू आहे का बघू शकतं. कंपन्यांना मात्र सक्तीचं लायसन नाही, ज्यांना हवं त्यांनी मान्यताप्राप्त कंत्राटदार म्हणून नोंदणी करायची. तरी २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला जीफोरएस या तेव्हाच्या जगातल्या मोठ्यात मोठ्या सिक्युरिटी कंपनीला कबूल केलेली माणसं देता आली नाहीत, तोंडावर आल्यावर आणखी साडेतीन हजार सैनिक बोलवावे लागले. म्हणजे घोळ तिकडेही होतात. फरक एवढाच की कंपनीच्या प्रमुखाला संसदेच्या समितीसमोर बसवून सगळ्यांदेखत विचारलं गेलं, आणि मुलुंडमध्ये बसून मला ते आज वाचता येतं. माझ्या गेटवरच्या एजन्सीचं वाचायला मात्र हाफ डे.

एजन्सी आम्ही बदलली. नवीनचं लायसन मी मूळ कागद बघून घेतलं, जिल्हा बघितला, तारीख बघितली, शिक्का आधी हलवायला लावला. ते लायसन त्यांनी स्वतःच्या ऑफिसात लावायचं असा नियम आहे, मी त्याची एक प्रत आमच्या लॉबीत नोटीस बोर्डवर लावली, पाणी कपातीच्या नोटीसशेजारी. महाग पडतात, मेंटेनन्स वाढला, ग्रुपवर जी काय ओरड झाली ती झाली. आणि माझा तिसरा अर्ज तयार आहे, यावेळी शब्द मोजून, १४३ झाले. 'नाकारलेले, रद्द, निलंबित, त्रुटीपूर्तीअभावी दप्तरी दाखल केलेले, अर्जदाराने मागे घेतलेले व ज्यांची नूतनीकरणाची मुदत उलटली आहे असे'. कोणाला हवा असेल तर उचला, माझं नाव काढून तुमचं टाका.

परवा मागच्या गल्लीतल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. त्यांच्याकडे एक नवीन एजन्सी कोटेशन देऊन गेली होती, नाव सांगितलं, आणि तेच आडनाव, आधी बाईचं नाव, पत्ता तोच, दुकान नंबर सकट. मी त्यांना टिपणीचे फोटो पाठवले, गार्डची नावं काळ्या मार्करने खोडून, खाली सगळी हकीकत टाईप केली, पाऊण तास लागला मला. निळ्या टिका आल्या. बराच वेळ 'टायपिंग' दिसत होतं.

मग मेसेज आला, "ओके मॅडम थँक्यू. पण तुम्हाला ते पर गार्ड रेट काय लावत होते?"